हिचला ग्रीस कुठे लावायचं, कुठे नाही

गाडीमागे जड ट्रेलर जोडला की त्याच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचच्या, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या, गोळ्यावर येतो. हा गोळा मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे गाडीची शेपटी दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंगची आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. वजन वाटून देणाऱ्या हिचमधले दोन स्प्रिंगचे दांडे तरफेसारखे वाकतात आणि यातला काही भार पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर नेतात.

प्रत्येक वळणाला गोळा ट्रेलरच्या टोकाच्या वाटीत फिरतो आणि दांड्यांची टोकं आपल्या खोबणीत. हालचाल अगदी संथ, दाब मात्र प्रचंड. इंजिनात वेगानं फिरणारा शाफ्ट तेलाला स्वतःखाली ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. इथे तेवढा वेगच नाही, म्हणून धातूचे बारीक उंचवटे थेट एकमेकांना भिडतात. साधं तेल अशा जागी टिकत नाही, निथळून जातं. ग्रीसमध्ये तेच तेल साबणाच्या तंतूंच्या जाळ्यात अडकवलेलं असतं. जास्त दाबासाठीच्या ग्रीसमध्ये गंधक-फॉस्फरसची संयुगंही असतात. घासण्याच्या उष्णतेनं ती लोखंडाशी संयोग पावतात आणि पातळ थर बनवतात. पोलादाऐवजी तो थर झिजतो, पुन्हा तयार होतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

पण ग्रीस धूळही धरतं. वाळूचे कण मिसळलेलं जुनं ग्रीस पॉलिश पेपरसारखं काम करतं. म्हणून नव्याचा हात देण्याआधी गोळा, वाटी आणि खोबणी फडक्यानं स्वच्छ पुसायला हव्यात. नवा थर पातळच पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही हिचमध्ये ट्रेलरचं डावी-उजवीकडे डोलणं घर्षणानंच रोखलेलं असतं. तिथले घर्षण-पॅड, किंवा दांडे ज्या कंसांवर (ब्रॅकेटवर) घासतात ते पृष्ठभाग, म्हणजे एक प्रकारचे ब्रेकच. वळताना ते कुरकुरतात, कारण पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. आवाज नकोसा वाटला म्हणून तिथे ग्रीस फासलं तर डोलणं रोखणारी ताकदच जाते. कुठल्या जागा कोरड्या ठेवायच्या ते आपल्या हिचच्या माहितीपुस्तिकेत बघूनच ठरवा.

बोल्टच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर जोड ढिला होऊन आतल्या आत घासतोय, असं समजा. तो टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्यानं, सांगितलेल्या मापापर्यंत आवळा आणि आजूबाजूच्या वेल्डिंगला तडा गेलाय का, तेही तपासा.