ईजीएफ : जखम भरणाऱ्या प्रथिनाची पार्श्वभूमी

मधुमेही रुग्णाच्या पायावरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा डॉक्टर कधी कधी ‘ईजीएफ’ असलेलं जेल लिहून देतात. हैदराबादच्या भारत बायोटेकने ते ‘रीजेन-डी’ या नावाने भारतीय बाजारात आणलं. ईजीएफ म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, आपल्याच शरीरात तयार होणारं अवघ्या 53 अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. त्वचेच्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणं हे त्याचं काम. मग जेल लावलं की प्रत्येक जखम भरायला हवी. तसं होत नाही. याचं उत्तर प्रथिनापेक्षा शरीर त्याच्यावर जो ताबा ठेवतं त्यात आहे, आणि हा ताबा उलगडायला स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेला वीसहून अधिक वर्षं लागली.

(एक खुलासा इथेच करतो. जनुकं कापून जोडण्याचं तंत्र विकसित करणारे स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन वेगळे. मराठी लेखांतही या दोघांची गल्लत झालेली दिसते.)

कोहेन ब्रुकलिनमधल्या ज्यू स्थलांतरित कुटुंबातले, वडील शिंपी. 1953 साली ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे रुजू झाले. तिथे रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आधीपासून होत्या. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाचे दरवाजे बंद झाल्यावर तुरिनच्या घरी, झोपायच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर प्रयोग करणाऱ्या या बाई 1947 साली अमेरिकेत आल्या होत्या. उंदराच्या कर्करोगाच्या एका गाठीतून असं काहीतरी पाझरतं की त्यामुळे मज्जातंतू भराभर वाढतात, हे त्यांनी दाखवलं होतं. ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हे शोधणं कोहेन यांच्याकडे आलं.

गाठीच्या अर्कातला क्रियाशील पदार्थ न्यूक्लिइक आम्ल आहे की प्रथिन, हे ठरवायला त्यांनी त्यात सापाचं विष घातलं. विषातलं विकर (एन्झाइम) न्यूक्लिइक आम्ल तोडतं, त्यामुळे अर्काचा परिणाम थांबला तर उत्तर मिळणार होतं. झालं उलटंच. मज्जातंतू आणखी जोमाने वाढले, कारण तो वाढघटक खुद्द विषातच होता आणि अर्कापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. कोहेन यांनी पुढचा विचार केला तो मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत सुंदर वाटतो. सापाची विषग्रंथी म्हणजे रूप बदललेली लाळग्रंथी. मग उंदराच्या लाळग्रंथीत काय असेल? त्यांनी नर उंदरांच्या जबड्याखालच्या ग्रंथी घेतल्या आणि तिथेही तो घटक भरपूर सापडला.

ग्रंथीचा कच्चा अर्क नवजात पिल्लांना टोचला तेव्हा मात्र एक अनपेक्षित गोष्ट दिसली. उंदराच्या पिल्लांचे डोळे साधारण तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. या पिल्लांचे सहाव्या-सातव्या दिवशीच उघडले आणि पुढचे दातही लवकर बाहेर आले. मज्जातंतूंच्या घटकाशी याचा संबंध लागत नव्हता. अर्कातली किरकोळ भेसळ म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट होती, पण कोहेन यांनी ती सोडली नाही. 1959 साली ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि 1962 साली त्यांनी हे घडवणारं प्रथिन, म्हणजेच ईजीएफ, शुद्ध करून जगापुढे मांडलं. पापणीची त्वचा जाड होऊन लवकर पक्व होते, म्हणून डोळे लवकर उघडतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, आणि ‘एपिडर्मल’, म्हणजे बाह्यत्वचेचं, हे नाव त्यावरूनच पडलं.

त्वचा वाढवणारा पदार्थ लाळेत कशाला असावा? कुत्रा, मांजर, गाय जखम चाटतात हे आपण रोज पाहतो. 1979 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात पाठीवर जखम केलेले उंदीर एकत्र ठेवले होते. ते एकमेकांच्या जखमा चाटत. ज्यांच्या लाळग्रंथी काढून टाकल्या होत्या, त्यांच्या जखमा हळू आकसल्या. यावरून माणसाने खरचटल्यावर थुंकी लावावी असं कृपया कोणी समजू नये. माणसाच्या लाळेत ईजीएफ उंदराच्या मानाने नगण्य असतं, आणि तोंडातले जंतू मात्र असतातच.

कोहेन आणि त्यांचे सहकारी ग्रॅहम कार्पेंटर यांनी 1975 साली मानवी लघवीतून माणसाचं ईजीएफ वेगळं केलं. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या मते मूळ शोधाइतकाच मोठा आहे: निरोप पोचल्यावर त्या प्रथिनाचं होतं काय? किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं ईजीएफ त्यांनी माणसाच्या पेशींवर सोडलं आणि त्याचा माग काढला. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं, आत ओढलं गेलं आणि तिथे त्याचे तुकडे झाले. पृष्ठभागावरचे रिसेप्टरही कमी झाले. म्हणजे निरोप ऐकताच पेशी आपला कानही मिटून घेते. कितीही ईजीएफ ओतलं तरी काही काळ तिला ते पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

निरोप आत जातो कसा, याचं उत्तर 1978 ते 1980 या काळात मिळालं. ईजीएफ चिकटलं की रिसेप्टरचा पेशीच्या आतला भाग विकर म्हणून काम करू लागतो आणि टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो. त्या खुणेला दुसरी प्रथिनं येऊन जुळतात, निरोप केंद्रकापर्यंत जातो, पेशी विभागते. फॉस्फेट काढून टाकणारी विकरंही तिथेच हजर असतात. जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मधोमध येतात, जागा भरते आणि वाढ थांबते. सुरू होण्याइतकंच हे थांबणंही महत्त्वाचं.

थांबणं बिघडलं तर काय होतं, ते 1984 साली दिसलं. कोंबड्यांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचं ‘ईआर्ब-बी’ जनुक हे ईजीएफ रिसेप्टरचंच तोडकं रूप निघालं. ईजीएफ धरून ठेवणारा बाहेरचा भाग त्यात नाही, त्यामुळे निरोप नसतानाही ते सतत ‘वाढा’ म्हणत राहतं. पुढे याच रिसेप्टरला बंद करणारी सेटुक्सिमॅब, जेफिटिनिबसारखी औषधं आली. ती घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ उठतं, कारण निरोगी त्वचेलाही तोच निरोप रोज लागतो.

1986 साली कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. हॅम्बर्गर यांना वगळलं गेलं याची खंत अनेकांनी बोलून दाखवली, आणि ती मला रास्त वाटते.

माणसाच्या जखमेवरची चांगली परीक्षा 1989 साली झाली. त्वचारोपणासाठी मांडीसारख्या जागेवरून कातडी काढतात, तिथे उरलेल्या जखमांवर ती होती. 12 रुग्णांच्या एका जखमेवर नुसतं सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे आपल्याकडे भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम, आणि दुसऱ्या जखमेवर तेच मलम ईजीएफ मिसळून लावलं. ईजीएफची जखम साधारण दीड दिवस आधी भरली. शोध खरा ठरला, पण फरक माफक होता. निरोगी माणसाच्या ताज्या जखमेत शरीराचं स्वतःचं ईजीएफ आणि ते सोडणारे प्लेटलेट्स पुरेसे असतात, वरून दिलेल्याने फार काही वाढत नाही.

जुनाट जखमेचं दुखणं वेगळं आहे. तिथे दाह शमतच नाही. पांढऱ्या पेशी इलॅस्टेज आणि मेटॅलोप्रोटिनेज ही प्रथिनं तोडणारी विकरं सोडत राहतात, आणि ती वाढघटकांचेही तुकडे करतात. त्यात रक्तपुरवठा तोकडा, साखर चढलेली, पाय बधिर असल्याने त्याच जागी रोज दाब पडतो. अशा जखमेवर जेल लावायचं म्हणजे औषध त्या विकरांच्याच तोंडी द्यायचं. म्हणून सर्जन आधी मेलेला भाग कापून काढतात, रक्तवाहिन्या तपासतात, पायावरचा भार हटवतात. वाढघटकाचा विचार त्यानंतर.

हवानाच्या जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्राने या अडचणीवर वेगळी वाट काढली. 2006 साली क्युबात नोंदवलेल्या त्यांच्या ‘हेबरप्रॉट-पी’मध्ये मानवी ईजीएफच आहे, पण ते जखमेवर लावत नाहीत. 75 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आठवड्यातून तीनदा, जास्तीत जास्त आठ आठवडे, जखमेच्या तळाशी आणि कडांमध्ये देतात, म्हणजे पृष्ठभागावरच्या विकरांच्या तडाख्यातून ते वाचतं. कर्करोग असलेल्या रुग्णाला मात्र हे इंजेक्शन देत नाहीत.