पाटणचा शिलालेख आणि भास्कराचार्य

भास्कराचार्यांचा विषय निघाला की आधी लीलावतीची गोष्ट सांगितली जाते. वेळ मोजायच्या घटिकापात्रात मोती पडला, तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि लेकीचं दुःख हलकं व्हावं म्हणून बापाने ग्रंथ लिहिला. गोष्ट हृद्य आहे, पण ती आपल्यापर्यंत आली अकबराच्या दरबारातल्या फैजी कवीच्या १५८७ सालच्या फारसी भाषांतरातून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. माझा भरवसा त्यांच्या स्वतःच्या शब्दांवर आणि खानदेशातल्या एका शिळेवर अधिक आहे.

‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथाच्या गोलाध्यायात ते आपलं जन्मवर्ष सांगतात: ‘रसगुणपूर्णमही’. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. अंक उलटे मांडले की शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जलविड. ते नेमकं कुठलं, हा वाद अजून मिटलेला नाही. वडील महेश्वर हेच गुरू. छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा झाला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित, गोलाध्याय. साठी उलटल्यावर ‘करणकुतूहल’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला.

लीलावतीतली उदाहरणं आजही वाचावीत अशी आहेत. भुंग्यांच्या थव्यातल्या निम्म्यांचं वर्गमूळ मालतीवर गेलं, एकूण थव्याचे आठ-नवमांशही गेले. एक भुंगा सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकून गुणगुणतोय आणि बाहेरून भुंगी त्याला साद देतेय. तर एकूण भुंगे किती? बहात्तर. छत्तिसाचं मूळ सहा, आठ-नवमांश चौसष्ट आणि ही दोघं.

आता ती शिळा. चाळीसगावजवळच्या पाटणचा हा लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांच्या पूर्वजांची परंपरा आहे. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, तर नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली, शके ११२८ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहण लागलेलं असताना. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणांचं गणित केलं, त्याच्या मठाला दान मिळालं तेही ग्रहणातच!

वरचा लेख संस्कृतात, पण देण्याघेण्याचा तपशील आला की भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात जो माल विकायला निघेल, त्याच्या गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर ‘मढा दीन्हला’, मठाला दिला.