आशियातील स्पर्धात्मक जलतरणाची संघटना

आशियातील स्पर्धात्मक जलतरणाचा कारभार जागतिक महासंघ, आशियाई महासंघ, देशोदेशीचे राष्ट्रीय महासंघ आणि त्यांना संलग्न प्रांतिक संघटना अशा उतरंडीने चालतो. १९०८ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ‘फिना’ ही शिखर संस्था. अलीकडे तिचे नाव ‘वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स’ झाले. पोहण्याबरोबर डायव्हिंग, वॉटरपोलो, कलात्मक जलतरण आणि खुल्या पाण्यातील शर्यतीही तिच्याच अखत्यारीत येतात.

राष्ट्रीय महासंघाचे सदस्यत्व ही या व्यवस्थेतली कळ. ते नसेल तर कितीही वेगाने पोहा, जागतिक विक्रमाच्या यादीत नाव लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान फिनाबाहेर होता आणि १९४८च्या लंडन ऑलिंपिकचे त्याला निमंत्रणही नव्हते. जपानी महासंघाने मग ऑलिंपिकच्याच दिवसांत टोकियोत राष्ट्रीय स्पर्धा भरवली. तिथे हिरोनोशिन फुरुहाशी १५०० मीटर फ्रीस्टाइल १८ मिनिटे ३७ सेकंदांत पोहला. लंडनमधल्या सुवर्णविजेत्याला १९ मिनिटे १८.५ सेकंद लागले होते. तरी फुरुहाशीच्या वेळेची विक्रम म्हणून दखल घेतली गेली नाही. १९४९ साली जपानला पुन्हा प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये फुरुहाशीने १८ मिनिटे १९ सेकंदांची नोंद केली. ती मात्र जागतिक विक्रम ठरली. पुढे तोच जपानी महासंघाचा अध्यक्ष झाला.

आशियाई महासंघ तुलनेने उशिरा, १९७८ साली, बँकॉकमध्ये स्थापन झाला. त्याची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९८०मध्ये दुबईत झाली. या खंडाच्या सीमा नकाशापेक्षा राजकारणाने अधिक आखल्या आहेत. इस्रायल युरोपीय महासंघात आहे. कझाकस्तान फुटबॉल युरोपात खेळतो, पण पोहतो आशियात. रिओ ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्ण जिंकणारा त्यांचा दिमित्री बालांदिन त्याआधी इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चमकला होता. हाँगकाँगचा संघ चीनपासून वेगळा उतरतो.

खंडीय संस्था असली तरी खरी ताकद राष्ट्रीय महासंघांकडेच राहिली. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा २०००पर्यंत दर चार वर्षांनी झाली, पुढे मात्र तिचे वेळापत्रक नियमित राहिले नाही: २०१६च्या टोकियो स्पर्धेनंतरची स्पर्धा थेट २०२५मध्ये अहमदाबादला झाली. खेळाडूंच्या लेखी चार वर्षांनी येणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धेचे पदकच मोठे. ती स्पर्धा मुळात आशियाई ऑलिंपिक परिषदेची.

भारतात जलतरणपटूचा रस्ता क्लब आणि जिल्हा संघटनेतून राज्य संघटनेकडे व तिथून भारतीय जलतरण महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेकडे जातो. राज्यांबरोबर सेनादल आणि रेल्वेचेही स्वतंत्र संघ असतात. त्यामुळे नोकरी लागलेला खेळाडू राज्याचा संघ सोडून नोकरीच्या संघातून उतरतो, ही नेहमीचीच गोष्ट. ऑलिंपिकसाठी मात्र निवड चाचणी जिंकून भागत नाही, ठरवून दिलेली पात्रता वेळ गाठावी लागते. थेट पात्रतेची ‘अ’ वेळ गाठणारा पहिला भारतीय साजन प्रकाश. ती त्याने २०२१मध्ये रोममध्ये गाठली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकला श्रीहरी नटराज आणि धिनिधी देसिंघू हे दोघेही सार्वत्रिक कोट्यातून, म्हणजे वेळेच्या निकषावर कोणीच पात्र न ठरलेल्या देशांसाठी राखलेल्या जागांवरून, गेले.

आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताची सुरुवात दणक्यात झाली होती. १९५१ला दिल्लीत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली आणि वॉटरपोलोचे सुवर्णही भारताकडेच आले. पोहण्यात मात्र १९८६चे खजान सिंग यांचे रौप्य ते २०१०मध्ये कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे ५० मीटर बटरफ्लायमधले कांस्य, या दरम्यान २४ वर्षे पदकाविना गेली.