तिरळा की नुसता तिरळा दिसणारा?

फोटोत बाळाचा एक डोळा नाकाकडे गेलेला दिसतो आणि घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, "अगं, हे तिरळं पाहतंय." कुणी म्हणतं, "काही नाही, मोठं झालं की जाईल." दोन्ही खरं असू शकतं, फक्त वेगवेगळ्या बाळांच्या बाबतीत.

बाळाच्या नाकाचा वरचा भाग बसका आणि रुंद असतो. तिथली कातडीची घडी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर येते आणि नाकाकडचा पांढरा भाग झाकते. कानाकडे पांढरं भरपूर, नाकाकडे जवळजवळ नाहीच, म्हणून बुबुळ आत सरकल्यासारखं वाटतं. बाळाने बाजूला पाहिलं की जास्तच. डोळे सरळच असतात. नाक वर आलं की भासही जातो. खऱ्या तिरळेपणात मात्र डोळाच वळलेला असतो: आत, बाहेर, क्वचित वर किंवा खाली. तो वयानुसार जाईल म्हणून थांबू नये.

ओळखायचं तर पांढरं किती दिसतंय ते सोडा, डोळ्यातला चमकता ठिपका बघा. बाळ समोर बघत असताना फ्लॅश लावून काढलेला फोटो मोठा करा. दोन्ही बाहुल्यांत ठिपका एकसारख्या जागी, साधारण मध्यावर असेल तर बहुधा भासच. एकीकडे मध्यावर आणि दुसरीकडे कानाच्या बाजूला घसरलेला असेल, तर तो दुसरा डोळा आत वळलाय. नाकाच्या बाजूला घसरला असेल, तर बाहेर. मान जराशी वळलेली असेल तर तो फोटो सोडून द्या.

पण एका चांगल्या फोटोवर निर्धास्त होऊ नका. काही मुलांचा डोळा दमल्यावर, आजारपणात किंवा तंद्री लागल्यावरच सुटतो. काही जण उन्हात एक डोळा मिटतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा जवळचं पाहताना आत जात असेल, तर पुष्कळदा प्लस नंबर असतो आणि कित्येकदा नुसत्या चष्म्याने डोळा सरळ राहतो. पहिले तीन-चार महिने डोळे अधूनमधून भरकटणं चालतं. सतत वळलेला डोळा मात्र कोणत्याही वयात दाखवावा. आणि आज भास ठरलेल्या मुलालाही पुढे खरा तिरळेपणा येऊ शकतो.

उशीर इथे महागात पडतो. वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू बाजूला टाकू लागतो, त्या डोळ्याची नजर मंदावते. यालाच आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण दुसरा डोळा काम भागवतो. म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशाला कामाला लावतात. हे सात वर्षांच्या आत जितकं लवकर, तितकं जास्त लागू पडतं.

फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, तर ठिपके जुळवत बसू नका. कधी कधी तो फक्त प्रकाशाच्या कोनाचा खेळ असतो. पण डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असाच दिसतो, आणि तिरळेपणा त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. फोटो घेऊन त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.