ॲब्सिंथवरची बंदी आणि थुजोनचा आकडा

ॲब्सिंथ या वनस्पती घालून केलेल्या कडक युरोपीय मद्यात पाणी ओतले की जो दुधी गढूळपणा येतो तो ॲनिथोलचा, म्हणजे आपल्या बडीशेपेला जो वास देतो त्याच रेणूचा. बंदीचे खापर मात्र फुटले वर्मवुड या कडू वनस्पतीच्या तेलातल्या थुजोन या रेणूवर. पुढची शंभर वर्षांची भांडणे या दुसऱ्या रेणूवरून झाली.

फ्रान्समधल्या पोंतार्लिये गावची 1855 ची ॲब्सिंथची कृती अशी: वाळलेले वर्मवुड अडीच किलो, ॲनिस (विलायती शेप) 5 किलो आणि बडीशेप 5 किलो, 85 टक्क्यांच्या 95 लिटर अल्कोहोलमध्ये किमान 12 तास भिजवायची. मग 45 लिटर पाणी घालून ऊर्ध्वपातन करायचे आणि 95 लिटर अर्क धरायचा. त्यातल्या 40 लिटरमध्ये छोटे वर्मवुड, हिसॉप आणि लेमन बाम या सुगंधी वनस्पती मुरवून हिरवा रंग आणायचा आणि शेवटी सगळे मिळून 74 टक्क्यांवर आणायचे. वर्मवुडचा जहरी कडवटपणा वाफेबरोबर वर येत नाही, भांड्यातच राहतो. अर्क धरणे लांबवले तर शेवटचा भाग गढूळ आणि उग्र येतो. स्वस्त मालात हे सगळे टाळून तेले थंडच मिसळत, हिरवेपणासाठी मोरचूद घालत.

फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे बसवले, वाइन महागली आणि ॲब्सिंथ घरोघरी गेले. ॲब्सिंथला घातक ठरवणारे 1860 च्या दशकातले प्रयोग गिनीपिगवर होते: एकाला वर्मवुडचे शुद्ध तेल, दुसऱ्याला नुसता अल्कोहोल. तेलाने झटके आले. पण पेल्यात तेलाचा जेमतेम अंश असतो आणि अल्कोहोल भरपूर, हा फरक बाजूलाच राहिला. 1905 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका मजुराने बायको-मुलींचा खून केला. त्या दिवशी तो वाइन आणि ब्रँडीही प्याला होता, ॲब्सिंथ दोनच पेले, तरी नाव ॲब्सिंथचेच झाले. स्वित्झर्लंडने 1910 मध्ये, अमेरिकेने 1912 मध्ये आणि फ्रान्सने 1915 मध्ये बंदी आणली. वाइनवाल्यांना ती सोयीचीच होती.

जुन्या ॲब्सिंथमध्ये लिटरला 260 मिलिग्रॅम थुजोन असे, हा आकडा बराच काळ फिरत होता. तो मोजलेला नव्हता. वर्मवुडमधले सगळे तेल बाटलीत उतरते आणि त्यात थुजोन भरपूर असते, असे धरून तो काढला होता. प्रत्यक्षात काही भागांतल्या वर्मवुडमध्ये थुजोन जवळजवळ नसतेच. बंदीपूर्वीच्या 13 बाटल्या तपासून 2008 मध्ये जे निकाल आले ते लिटरला 0.5 ते 48.3 मिलिग्रॅम, सरासरी 25.4. थुजोन गांजासारखे काम करते हा 1975 चा तर्कही टिकला नाही. अतिमात्रेत ते मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाला अडवते, झटके येतात ते त्यामुळे.

बंदी स्वित्झर्लंडने 2005 मध्ये आणि फ्रान्सने 2011 मध्ये उठवली. अमेरिकेत 2007 पासून 'थुजोनमुक्त' ॲब्सिंथ विकता येते, पण मुक्त म्हणजे शून्य नव्हे, 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10) आत. युरोपात थुजोनची मर्यादा साधारण मद्याला किलोमागे 10 मिलिग्रॅम, तर आर्टेमिशिया प्रजातीच्या (वर्मवुड याच प्रजातीतले) वनस्पतींपासून केलेल्याला 35.

नियम प्रजातीच्या नावावर टांगण्यातली अडचण आपल्याला सहज कळावी. ज्योतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिशियाच. त्याच्या तेलात मुख्य असतो डॅव्हॅनोन, थुजोन नव्हे. उलट युरोपच्या स्वयंपाकघरातल्या सेज या सुगंधी झुडपाच्या पानांत थुजोन चांगलेच असते, आणि ती मांसाच्या सारणात सर्रास पडतात.