साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत आलेलं फायबर कॉलनीत का शिरत नाही?

देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा (काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाने संदेश नेणारी) टेलिफोन खात्याने १९७९ मध्ये पुण्यात सुरू केली, स्थानिक एक्स्चेंजं एकमेकांना जोडण्यासाठी. तिथून सातारा साधारण ११० किलोमीटर. तरीही शाहूपुरीकडच्या किंवा विलासपूरकडच्या एखाद्या नव्या कॉलनीत आजही ‘फायबर कधी येणार?’ हा प्रश्न असतोच, आणि बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या घरापासून पाचशे मीटरवर फायबर आलेलंही असतं. गल्लीबोळातलं जाळं मुळात कुणी इंटरनेटसाठी उभारलेलंच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी आधी ओढलेली वायर, रोवलेला खांब आणि काढलेला चर यांच्या आधाराने प्रत्येक नवी सोय पुढे सरकली. जिथे जुनं काही नव्हतं, तिथे नवंही उशिराच पोहोचलं.

पहिला थर तांब्याचा. एक्स्चेंजमधून जाड भूमिगत केबल निघायची, रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, म्हणजे जोडणीच्या कपाटात, फुटायची, तिथून गल्लीतल्या छोट्या डीपी बॉक्सला आणि शेवटी दोन तारांची एक जोडी घरात. पेठांमध्ये, सदरबझारमध्ये या जोड्या आधीपासून होत्या. शहराबाहेर प्लॉट पडून घरं उभी राहायची, पण पिलरमध्ये मोकळी जोडी नसायची, म्हणून फोनसाठी नंबर लावून बसायचं. आज स्प्लिटरवर, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या पेटीवर, पोर्ट (मोकळी जागा) नाही म्हणून थांबावं लागतं, ते याच दुखण्याचं पुढचं रूप.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने (व्हीएसएनएल) १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. नंतर ते डायल-अपने, म्हणजे मोडेमने फोन लावून, जिल्ह्यांपर्यंत आलं. मोडेमचा वेग कागदावर ५६ केबीपीएस, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत फोन बंद. १९९८ च्या धोरणाने खासगी सेवादारांना परवाने मिळू लागले. त्यातला ‘क’ वर्गाचा परवाना एका दूरसंचार जिल्ह्यापुरता असतो. तालुक्याच्या गावातले छोटे इंटरनेटवाले पुढे याच दारातून आत आले.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि थेट २०२३ मध्ये २ एमबीपीएस. व्याख्येलाच एवढी सवड, मग खोदाईची काय कथा. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ सुरू केलं ते त्याच तांब्याच्या जोडीवर, फोनच्याच तारेतून वेगवान इंटरनेट नेणाऱ्या एडीएसएल तंत्राने. रात्री २ ते सकाळी ८ मोफत डाउनलोड मिळतं म्हणून अनेकांनी मोडेम रात्रभर चालू ठेवले.

एडीएसएलचा वेग एक्स्चेंजपासूनच्या तारेच्या लांबीवर ठरतो. दीड किलोमीटरच्या आत २० एमबीपीएसच्या आसपास जाता येतं, तीन किलोमीटरवर साधारण ८, आणि पाचच्या पुढे गेल्यावर एक-दोन मिळाले तरी नशीब. ही लांबी नकाशावरची सरळ रेष नव्हे. केबल पिलर-डीपीला वळसे घेत जाते, म्हणून हवाई अंतर दोन किलोमीटर असलेल्या घराची तार साडेतीन भरते. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर खरखर येते आणि मोडेमचा दिवा लुकलुकत राहतो. साताऱ्यातला पाऊस पाहता जून ते सप्टेंबर हे रोजचंच होतं. त्यात रस्तारुंदीकरणात केबल तुटणं आणि तांब्याची चोरी. एकदा तुटलेली शंभर जोड्यांची केबल पुन्हा जोडायची म्हणजे दोनशे तारा एकेक जुळवायच्या. खात्याकडे माणसं कमी होत गेली तसं हे काम मागे पडलं.

दुसरा थर केबलवाल्यांचा, आणि साताऱ्यासारख्या शहरातल्या घरगुती फायबरचा खरा पाया हाच. टीव्हीच्या केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. नगरपालिका असलेल्या उरलेल्या सगळ्या शहरांसाठी मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. ग्रामीण भागासाठी ती वाढवून ३१ मार्च २०१७ करण्यात आली. हेडएंडपासून (केबलच्या मुख्य केंद्रापासून) भागाभागातल्या नोडपर्यंत सिग्नल नेताना केबलवाले सहा, बारा किंवा चोवीस कोअरचं, म्हणजे तितक्या काचतंतूंचं, फायबर ओढत. टीव्हीला त्यातले एक-दोन कोअर पुरतात. उरलेल्यांवर इंटरनेट चढलं.

सुरुवातीला फायबर फक्त चौकापर्यंत असे. तिथे प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा मीडिया कन्व्हर्टर आणि तो आठ वायरींत वाटणारा स्विच, पुढे घरापर्यंत तांब्याची कॅट-फाइव्ह वायर. या वायरची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे दर शंभर मीटरवर नवा स्विच आणि त्याला कुणाच्या तरी घरातून वीज. त्या घरातला फ्यूज उडाला की पुढची आख्खी गल्ली बंद. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटात तर हे स्विच रांगेने जळत. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून घरापर्यंत फायबर आल्यावर वाटेतले स्विच गेले आणि त्यांच्यासोबत हा त्रासही गेला. २०१९ मध्ये बीएसएनएलने ‘भारत फायबर’ याच केबलवाल्यांना भागीदार करून पसरवलं, सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर व्यावसायिक तत्त्वावर सुरू झालं, आणि २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या नोकऱ्या व मुलांच्या शाळा घरात आल्यावर मागणी एकदम उसळली.

गावांसाठीची सरकारी योजना वेगळ्या वाटेने चालली होती. २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचं पुढे ‘भारतनेट’ झालं. लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. यातलं फायबर तालुक्यापासून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत जातं आणि तिथल्या पेटीत थांबतं. पेटीपासून घरापर्यंत कुणी न्यायचं, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला. शहराला चिकटून वाढलेल्या कॉलन्यांची गत आणखी विचित्र. कागदोपत्री त्या ग्रामपंचायतीत, राहणीमानाने शहरात. २०२० मध्ये सातारा नगरपालिकेची हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूरसारखे भाग शहरात आले. म्हणजे रस्ता खोदायची परवानगी ज्या दाराशी मागायची, ते दारच बदललं. शिवाय एखादा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर अर्ज तिसरीकडे. केबल टाकण्याच्या परवानगीबाबतच्या २०१६ च्या मार्गहक्क नियमांनी अर्जावर ६० दिवसांत निर्णयाची अट घातली खरी, पण वेगवेगळ्या कार्यालयांचे अर्ज एकाच वेळी निघत नाहीत. पावसाळ्यात तर खोदाईला परवानगी सहसा मिळतच नाही.

भूमिगत टाकायचं तर दूरसंचार खात्याचा जुना मापदंड १६५ सेंटिमीटर खोलीचा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर मुरूम संपून काळा पाषाण लागला की ब्रेकरशिवाय पान हलत नाही आणि मीटरमागचा खर्च कितीतरी वाढतो. छोटा सेवादार म्हणूनच खांबावरून जातो. महावितरणचा खांब परवानगीशिवाय वापरला तर नोटीस येते किंवा केबल उतरवली जाते. वरून नेलेली केबल सैल पडली की हंगामात शेंद्र्याच्या कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली ती ओढून नेते. खांबावर दहा-पंधरा मीटरचं वेटोळं शिल्लक ठेवलेलं असेल तर एका जोडात काम भागतं. नसेल तर मधे तुकडा घालून प्रत्येक कोअरला दोन जोड करावे लागतात.

तरीही शेजारच्या गल्लीत आहे आणि आपल्याकडे नाही, याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे प्रकाशाचा हिशोब. सध्या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन यंत्रणेत (एकच फायबर स्प्लिटरने अनेक घरांत वाटणारी पद्धत) सेवादाराकडच्या एका पोर्टवरून २.५ जीबीपीएसच्या आसपास उतरता वेग निघतो आणि तो बहुधा ६४ घरांत वाटला जातो. नेहमीच्या उपकरणात एकूण २८ डीबी (डेसिबल, म्हणजे वाटेत प्रकाश किती कमी होतो त्याचं माप) घट सोसण्याची ताकद असते. आता मांडून पाहू. सहा किलोमीटर फायबरचे सुमारे २ डीबी. एकास आठचा स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी खातो, दोन टप्प्यांचे मिळून २१. वितळवून केलेल्या आठ (फ्यूजन) जोडांचा जास्तीत जास्त ०.८, कनेक्टरचे दीड. बेरीज २५ च्या पुढे गेली. गल्लीच्या टोकाला आणखी एक स्प्लिटर लावून चार घरं वाढवायची म्हटलं तर अजून ७ डीबी लागतील, आणि ते उरलेलेच नाहीत. म्हणून आठ पोर्टांच्या पेटीवर नववा ग्राहक आला की त्याच्यासाठी मागच्या जॉइंटपासून नवा कोअर आणावा लागतो. एका घरासाठी तो खर्च कुणी करत नाही, आठ-दहा घरांसाठी करतात. कॉलनीतल्या लोकांनी सुटे सुटे अर्ज करण्यापेक्षा एकत्र यादी दिलेली बरी, ते यासाठी.

यादी देताना विचारायचं ते नेमकं विचारावं. जवळची स्प्लिटर पेटी कुठल्या खांबावर आहे, तिच्यात किती पोर्ट मोकळे आहेत, पेटीपर्यंत येणाऱ्या मुख्य (फीडर) केबलमध्ये कोअर शिल्लक आहेत का, आणि मधल्या रस्त्याची मालकी कुणाची? ‘लवकरच येईल’ या उत्तरापेक्षा या चारांपैकी कुठे अडलंय ते कळलं तर निदान कुणाकडे जायचं ते ठरतं. मधला रस्ता खासगी लेआउटचा असेल तर प्लॉटधारकांचं ना-हरकत पत्र आधीच तयार ठेवावं.

जोडणी झाल्यावर तंत्रज्ञाकडून पॉवर मीटरचा आकडा, म्हणजे घरात किती प्रकाश पोहोचतो ते, पाहून घ्यावा; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १८ ते उणे २४ डीबीएम उत्तम. उणे २७ असेल तर आज चालेल आणि पहिल्याच पावसात मोडेमवर लाल दिवा लागेल. हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये घुसवलेला नाही ना, हेही बघावं, कारण हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि या जोडीत तीन-चार डीबी सहज जातात. दाराच्या चौकटीपाशी केबल काटकोनात खिळ्याने ठोकली असेल तर ती लगेच मोकळी करून घ्यावी. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण चालत नाही.