कातळावरची रानफुले टिपताना

कोकणच्या किनाऱ्यालगतच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, फुलांचा बहर वसंतात नव्हे, तर पावसाळ्यात येतो. चैत्र-वैशाखात जांभ्याचे हे कातळ तापून काळपट पडलेले असतात आणि वाळलेल्या गवतापलीकडे त्यांच्यावर फारसे काही दिसत नाही. मृगाच्या सरी कोसळल्या की तेच कातळ हिरवे होऊ लागतात आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फुलांचा एक बहर ओसरतो न ओसरतो तोच दुसरा सुरू होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील सड्यांवर फुलांची छायाचित्रे काढायची असतील, तर ती फुले तेथे का उगवतात हे आधी समजून घ्यावे, कारण चौकटीत काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे त्यावरच ठरते.

उष्ण, दमट हवामानात मूळ खडकाची दीर्घकाळ झीज होऊन विरघळणारे क्षार आणि बरीचशी सिलिका वाहून गेली व लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, त्यातून जांभा तयार झाला. त्याच्यावरचा मातीचा थर अनेक ठिकाणी बोटभरही नसतो आणि त्या मातीत नायट्रोजन व स्फुरद अगदी तुटपुंजे असतात. म्हणूनच उथळ पाण्याच्या कडेने कीटकभक्षी वनस्पती दिसतात. ‘सीतेची आसवे’ या जांभळट-निळ्या फुलाचे सापळे ओल्या मातीत, मुळांसारख्या बारीक तंतूंवर असतात. जेमतेम मिलिमीटरभराची ही पिशवी सूक्ष्म जीवाचा स्पर्श होताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात त्याला पाण्यासकट आत ओढून घेते. छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, आणि ते दिसावे म्हणून रोप उपटणे सर्वथा गैर आहे. मात्र फुलाभोवतीचा पाण्याचा पातळ थर आणि त्याखालचा कातळ चौकटीत घेतला, तर त्या रोपाच्या जगण्याची निम्मी हकिकत सांगून होते. पार्श्वभूमी पूर्ण धूसर करून फूल एकटे दाखवण्याची पद्धत देखणी असली, तरी सड्यावर तिच्यामुळे नेमका महत्त्वाचा भाग गळून पडतो, असे मला वाटते.

फूल सेंटिमीटरभराचे असल्यामुळे कॅमेरा फार जवळ न्यावा लागतो आणि तेथे प्रकाशशास्त्राची मर्यादा आड येते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर फुलाची प्रतिमा मूळ आकाराएवढी पडत असेल, तर एफ ८ या छिद्रमानावरही (भिंगाच्या छिद्राच्या मापावरही) सुस्पष्ट दिसणारा भाग सुमारे एक मिलिमीटर खोलीचाच असतो. छिद्र आणखी लहान केले तर खोली वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारकावे पुसट होऊ लागतात. त्यामुळे फुलाचा जो भाग दाखवायचा, तो सेन्सरला समांतर येईल असा कोन शोधणे हाच उत्तम उपाय ठरतो. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने त्याला ही अडचण कमी भासते.

समुद्रावरून येणारा वारा हा दुसरा प्रश्न आहे. फूल सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने हलत असेल, तर एक शतांश सेकंदात ते एक मिलिमीटर सरकते, म्हणजे पाकळीवरच्या रेषा मिसळून जाण्यास तेवढे पुरेसे असते. शटरचा वेग एक सहस्रांश सेकंद ठेवला, तर हेच सरकणे मिलिमीटरच्या दहाव्या भागावर येते. पहाटे वारा मंद असतो तेव्हा हे काम सोपे जाते. ढगाळ आकाशाचा विखुरलेला प्रकाशही बहुतेक फुलांना मानवतो, कारण सावल्या मऊ पडतात. दवबिंदू ही वनस्पती मात्र याला अपवाद आहे. तिच्या केसांच्या टोकांवरचे चिकट थेंब झळाळून उठावेत यासाठी ऊन तिच्या मागून यावे लागते.

गेंद या रानवनस्पतीची पांढरी बोंडे आणि ओला, काळसर कातळ एका चौकटीत आले, की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. गडद भाग जास्त असल्याने तो प्रकाश वाढवतो आणि बोंडांचा पोत नाहीसा होतो, म्हणून तेथे प्रकाश साधारण एका टप्प्याने, म्हणजे निम्म्यावर, कमी ठेवावा. सेन्सरवरील रंगगाळण्या मानवी डोळ्याच्या प्रतिसादाशी तंतोतंत जुळत नसल्याने जांभळी फुलेही छायाचित्रात पुष्कळदा निळी उतरतात. खरा रंग तेथेच टिपून ठेवलेला बरा.

एवढे करूनही गेंदाची नेमकी जाती केवळ छायाचित्रावरून बहुधा ठरत नाही, कारण त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्पके (बोंडातली इवली फुले) आणि बिया तपासाव्या लागतात. तरीही संपूर्ण रोप, पानांचा तळ, फुलाची मागची बाजू आणि भोवतालचा सडा अशी चार-पाच छायाचित्रे तारखेसह ठेवली, तर अभ्यासकांना त्या नोंदीचा उपयोग होतो. दीपकाडीच्या बाबतीत या नोंदी विशेष मोलाच्या आहेत. पहिल्या पावसानंतर कंदातून वर येणारी ही पांढऱ्या फुलांची वनस्पती कोकण-गोव्याच्या पट्ट्यापुरतीच मर्यादित आहे आणि चिरेखाणी व सुरुंग लावून केलेल्या आंबा लागवडीमुळे तिचे कातळ कमी होत चालले आहेत. तिची नोंद करताना गावाचे नाव जरूर द्यावे, पण नेमके स्थान सार्वजनिक करू नये. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर ते धूसर ठेवण्याची सोय आहे.